पत्त्याच्या रकान्यात गाडीचा नंबर

जयंतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आम्ही दरवर्षी फिरतो. पावतीवर तीनच गोष्टी लिहायच्या असतात : नाव, रक्कम आणि पत्ता. या वेळी आळेफाट्याच्या चौकापासून थोडे पुढे उभ्या असलेल्या एका ट्रकपाशी आपल्याच समाजातला एक चालक भेटला. आंबेगाव तालुक्यातल्या एका वस्तीतला, वय पस्तिशीच्या आसपास, लग्न झालेले नाही. जय भीम झाला. त्याने खिशातून पाचशेची नोट काढून दिली आणि पत्ता विचारला तेव्हा एमएच १४ ने सुरू होणारा गाडीचा नंबर सांगितला. आमच्यातला एक कार्यकर्ता हसला. तो मात्र हसला नाही.

"दादा, दुसरा पत्ता कुठून आणू? गाडीतच झोपतो, गाडीतच उठतो. गावात घर हाय ते भावाचं."

आम्ही नंबर लिहून घेतला. पण त्या दिवसापासून ती पावती डोक्यातून गेली नाही. एक माणूस वर्षाचे बाराही महिने पुणे–नाशिक महामार्गावर आणि त्याच्या पुढच्या रस्त्यांवर राहतो, आपल्या दोन्ही तालुक्यांचा माल दिल्लीपर्यंत नेतो, आणि त्याला राहायला जागा कोणती, हा प्रश्न ना त्याच्या शेठला पडतो, ना सरकारला, ना आपल्या चळवळीला. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्या वस्तीतली पोरे ट्रकवर जातात ती केवळ पोटासाठी जात नाहीत. स्टेअरिंगचे आकर्षण खोटे नाही. गावात तो कोणाचा कोण, कुठल्या आळीतला, हे दहा पिढ्यांपासून ठरलेले असते. रस्त्यावर तो फक्त "चौदा नंबरवाला ड्रायव्हर" असतो. ढाब्याच्या बाजेवर शेजारी बसलेला हरियाणाचा जाट किंवा राजस्थानचा गुज्जर त्याला आडनाव विचारत नाही, विचारले तरी त्या आडनावावरून त्याला काही कळत नाही. हे सुख ज्यांनी कधी गमावले नाही त्यांना त्याची किंमत कळणार नाही.

आणि गाडी हाकणाऱ्याच्या जागेला आपल्या इतिहासात एक वेगळाच अर्थ आहे. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधले दोन प्रसंग वाचकांना माहीत असतील. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भिवाला आणि त्याच्या बरोबरच्या मुलांना गोरेगावला नेण्यासाठी गाडीवान मिळेना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि बैल पोरांनीच हाकायचे, तो बाजूने चालणार, या अटीवर. पुढे १९२९ साली चाळीसगावात तेच घडले. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण त्यांना बसवून तो हाकायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांना आपल्या पुढाऱ्याला पायी न्यायचे नव्हते म्हणून त्यांच्यातलाच एक जण, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, पुढे बसला. पुलावरच्या दगडाला चाक धडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. वाहन मिळेल, भाडे घेऊ, पण सारथ्य करणार नाही, अशी ती जात होती. आज त्याच समाजाचा पोरगा सोळा टनी गाडीच्या स्टेअरिंगवर बसतो आणि त्याच्या मागे सगळ्या जातींचे टोमॅटो असतात, तेव्हा त्याची छाती थोडी फुगली तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही.

पण छाती फुगणे वेगळे आणि जगणे वेगळे.

बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावले ते आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. पण गाव सोडून जायचे कुठे, हेही त्यात आहे. शहरात जायचे म्हणजे शाळेजवळ जायचे, कारखान्याच्या संघटनेत जायचे, भाड्याची का होईना पण दाराला कडी असलेली खोली घ्यायची. परळच्या चाळी, रेल्वेची क्वार्टर्स, खडकी-देहूरोडच्या छावण्या, इथून आपल्या समाजाची पहिली शिकलेली पिढी बाहेर पडली. आळेफाट्यावर भेटलेल्या या माणसाने गाव तर सोडले, पण तो शहरात पोहोचलाच नाही. तो मधल्या रस्त्यावरच राहतो. त्याच्या केबिनमध्ये डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा फोटो आहे, सीटमागच्या फळीवर घडी केलेली चादर, खाली पंपाचा स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि गाडीच्या कागदांची प्लास्टिकची फाइल आहे. घर म्हणावे असे एवढेच. त्याला खिडकी आहे, कडी नाही.

हल्ली मोबाइलवर ट्रकच्या जगण्याचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. अमेरिकेत तर काही जण मुद्दाम घर सोडून ट्रकमध्येच राहतात, भाडे वाचवतात, देश पाहतात. आपली तरुण पोरेही ते बघून म्हणतात, "एकटा जीव सदाशिव, काय वाईट आहे?" वाईट काही नाही, निवड असेल तर. पण तिथे ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, त्यानंतर सलग १० तास सुट्टी द्यावी लागते, आणि हे तास गाडीतले यंत्र मोजते. युरोपात त्याहून पुढचे पाऊल आहे. तिथे आठवड्याची ४५ तासांची मोठी विश्रांती चालकाने केबिनमध्ये घ्यायची नाही असा नियम आहे, जागेचा खर्च मालकाने करायचा. म्हणजे केबिन हे घर नाही, हे तिथल्या कायद्याने लिहून ठेवले. इथे केबिन हेच घर, असे कुणी लिहिलेले नाही, पण सगळ्यांनी धरून चालले आहे.

आता आपल्याकडच्या तासांचा हिशेब बघू. भाषणात आपण नेहमी सांगतो की बाबासाहेबांनी कामाचे १४ तासांचे ८ तास केले. कागदावरची गोष्ट याहून नेमकी आहे आणि तीच सांगितली तर जास्त बोचते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. मग १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा आला. त्यात दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास लिहिले, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी एक पळवाट ठेवली : परवानगी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराच्या डोक्यावरून १९४६ ला जे ५४ तास उतरवले, ते पंधरा वर्षांनी ट्रकवाल्याच्या डोक्यावर ठेवले.

बरे, तेवढे तरी पाळले जातात का? हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदाराला लागू होता. आपल्याकडे एक गाडी, दोन गाड्या असलेले मालकच जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास सगळ्या मालवाहू गाड्यांच्या चालकांना लावले, हे खरे. पण चालकाच्या हातात हजेरीपट नाही, गाडीत तास मोजणारे यंत्र नाही, मग मोडले कुणी आणि पकडले कुणी? आता १९६१ चा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विरघळून गेला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्यात वाहतूक व्यवसायासाठी कामगारांची किमान संख्या पाचाची दहा झाली. कामगारांसाठी सुधारणा म्हणून जे आले त्याने चाळणीची भोके मोठी केली.

नारायणगावचा टोमॅटो घ्या. नारायणगाव हा जुन्नर बाजार समितीचा उपबाजार, देशभर माहीत असलेला. इथून दिल्ली साडेतेराशे-चौदाशे किलोमीटर. भरलेल्या गाडीचा घाट, टोल, शहरांच्या वेशी धरून ताशी ४० चा वेग पडला तर ३५ तास निव्वळ स्टेअरिंग. कायद्याचे १० तास धरले तर साडेतीन दिवस. पण उन्हाळ्यातला पिकत आलेला टोमॅटो साडेतीन दिवस थांबत नाही, व्यापारी दोन दिवसांत मागतो. हा हिशेब शाळेतले पोर करील. दोन दिवसांत ३५ तास स्टेअरिंग म्हणजे उरलेल्या १३ तासांत जेवण, अंघोळ, पंक्चर, नाका, ताडपत्री आणि झोप. जो कुणी "वेळेत पोहोचव" म्हणतो तो चालकाला कायदा मोडायलाच सांगत असतो, आणि मोडल्याची शिक्षा मात्र त्याच्याच डोळ्यांना, पाठीला आणि शेवटी जिवाला.

यावर साधा उपाय होता : दोन चालक. पूर्वी गाडीवर ड्रायव्हर असायचा आणि क्लिनर असायचा. क्लिनर म्हणजे शिकाऊ, भाकरी थापणारा, मागे उतरून शिट्टी मारणारा, रात्री दोन वाजता बोलत राहून ड्रायव्हरला जागे ठेवणारा. खर्च वाचवण्यासाठी आधी तो उतरवला. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक हवेत अशी अट नियमांत होती, ती काढून टाकण्याचा प्रस्ताव केंद्राने २०१८ साली मांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये एक्सलमागे भरायच्या वजनाची मर्यादा वाढवून दिली. माल वाढला, माणसे घटली. 'सिंगल ड्रायव्हर' हा शब्द आपण त्याच्या लग्नाबद्दल वापरतो, पण तो आधी केबिनमध्ये सिंगल झाला.

आणि मग २०१९ ला सरकारने चालकासाठीची आठवी पासची अट काढली. गरिबांना रोजगार मिळावा हे कारण दिले, देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता आहे हेही सांगितले. आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. अट निघाल्याने आपल्या काही पोरांना परवाना मिळाला, हे खरे आणि चांगले. पण २२ लाख माणसे का मिळत नाहीत, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ज्या कामात झोप नाही, घर नाही, म्हातारपणाची सोय नाही, त्या कामाला माणूस मिळत नसेल तर काम सुधारायचे की शिकलेला नसलेला माणूस शोधायचा? ब्राह्मणी व्यवस्थेचे उत्तर जुने आहे. कामाची घाण तशीच ठेवायची आणि ते करायला एक समूह राखून ठेवायचा.

इथे आम्हाला वतनाची आठवण येते. उगाच नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडताना बाबासाहेबांनी वतनदार महाराची स्थिती सांगितली होती. त्याच्या कामाला वेळ नव्हती. दिवसा-रात्री केव्हाही बोलावणे यायचे. तो नसला तर बापाने, भावाने जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. सरकारी अंमलदाराचे ओझे एका गावाच्या शिवेवरून दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे. आजच्या चालकाला महिन्याचा पगार नसतो, खेपेचा भत्ता असतो. रात्री तीन वाजता फोन वाजतो, "कुठे पोहोचलास?" गाडीतले जीपीएस त्याचे तास मोजत नाही, मालाची जागा मोजते. उशीर झाला, माल मऊ पडला, की भत्त्यातून कापतात. २०२३ च्या जुलैत नारायणगावात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला तेव्हा सगळ्या वाहिन्या आपल्या तालुक्यात आल्या होत्या. शेतकऱ्याला एखाद्या वर्षी चार पैसे मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे, बाकीच्या वर्षी तोच टोमॅटो रस्त्यावर ओतलेला आम्ही पाहिला आहे. पण आमच्या ओळखीच्या चालकांचा खेपेचा भत्ता त्या महिन्यातही तेवढाच होता. कॅमेरा त्यांच्याकडे वळला नाही.

वतन आणि ट्रक एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. ट्रकवाला नोकरी सोडू शकतो, वतनदार सोडू शकत नव्हता. आणि ट्रकवर सगळ्याच जातींची माणसे आहेत, मराठा, माळी, धनगर, मुसलमान, आदिवासी, सगळी. पण एक धागा तोच आहे. ओझे वाहणाऱ्याचा वेळ हा त्याचा नसतोच, असे दोन्हीकडे गृहीत धरले आहे.

आता त्याच मालाबरोबर थोडे मागे जाऊ. क्रेट गाडीत चढेपर्यंत तो हमालाच्या पाठीवर असतो. हमालासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. तो फुकट मिळाला नाही, मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना उभे करून तो मिळवला आणि टिकवला. मजुरीवर लेव्ही बसते, ती मंडळात जमा होते, त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ ला कष्टाची भाकर सुरू केली, कारण कष्टकऱ्याने कुठे आणि काय खायचे हा संघटनेचा प्रश्न आहे असे त्यांनी मानले. अलीकडे रिक्षा-टॅक्सीचालकांसाठीही राज्यात कल्याण मंडळ झाले. म्हणजे क्रेट हमालाच्या पाठीवर असेपर्यंत कायद्याच्या छताखाली असतो. गाडीच्या फाळक्याच्या आत गेला की छत संपते.

रेल्वेकडे बघा. मालगाडीचा लोको पायलटही माल दिल्लीला नेतो. त्याच्यासाठी ठरावीक स्टेशनांवर रनिंग रूम असते : पलंग, अंघोळ, जेवण, आणि ड्युटीचे तास लिहिणारे रजिस्टर. त्यांच्याही तक्रारी आहेत, तासांसाठी ते आजही भांडतात, पण भांडायला त्यांच्याकडे रजिस्टर आहे. ही रजिस्टरे संघटनांनी मिळवली. फेब्रुवारी १९३८ ला बाबासाहेब मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांपुढे बोलले आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले, ते वाहतुकीच्या कामगारांपुढेच. आपण ते वाक्य भिंतीवर लिहितो. आळेफाट्यावरून निघालेली गाडी संगमनेर, नाशिक करून धुळ्याकडे जाते तेव्हा मनमाड तिच्या उजव्या हाताला राहते. पण ते भाषण काही केबिनपर्यंत पोहोचलेले नाही.

आणि आपल्या जुन्नरला तर हे सांगायला लाज वाटावी. नाणेघाट हा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी रस्ता. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. घाटाच्या तोंडाशी लेणे आहे, वाटेत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, लोक ज्याला जकातीचा रांजण म्हणतात तो आहे. जकात घेणाऱ्याने पाण्याची आणि सावलीचीही सोय केली होती. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी, सगळीकडे बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख जुन्नरलाच आहे. चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याचाही आहे. ती दाने भिक्षूंसाठी होती, गाडीवानांसाठी नव्हे, हे आम्हाला कळते. पण ज्या गावच्या धान्य व्यापाऱ्यांनी छिन्नीने दगड फोडून सात खोल्या करून दिल्या, त्या गावच्या आजच्या बाजारपेठेने विटा-सिमेंटच्या सात खोल्या चालकांसाठी बांधायच्या म्हटल्या तर ते अशक्य आहे असे आम्हाला कुणी सांगू नये. बाजारात गाडीचा नंबर लागेपर्यंत चालक किती तास कुठे बसतो, कुठे संडासला जातो, हे ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही मोठ्या बाजारात रात्री अकरानंतर जाऊन बघावे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उत्तर भारतात मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याला विचारा, हे किती गरजेचे होते ते. पण नवी गाडी घेणाऱ्याकडेच तो येणार, आणि केबिन थंड झाली की तास कमी होत नाहीत, उलट "आता काय, एसीत बसून तर चालवायचे" असे ऐकावे लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामार्गांवर चालकांसाठी १,००० विश्रांतीस्थाने बांधण्याची घोषणा झाली, तेल कंपन्यांच्या पंपांवर 'अपना घर' नावाने खाटा मिळू लागल्या. नाव तर बघा. ज्याला स्वतःचे घर नाही त्याला काही तासांच्या खाटेचे नाव 'अपना घर'. तरीही आम्ही म्हणतो, खाट असेल तिथे झोपा. फक्त एक लक्षात घ्या : ज्याच्या खेपेत झोपेचे तासच धरलेले नाहीत, तो खाट दिसली तरी थांबणार कसा?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) विरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला बोलावे लागले. अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा देणारे ते उपकलम, १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा स्थगित ठेवले गेले. चालक एकत्र आले तर काय होते हे त्या दोन दिवसांनी दाखवले. पण त्या दोन दिवसांत सगळी चर्चा शिक्षेची झाली. बावीस तास जागा असलेला माणूस स्टेअरिंगवर कुणी बसवला, त्याला किती शिक्षा, हे कलम कुणी मागितले नाही.

आता पत्त्याकडे परत येतो. पत्ता नसणे म्हणजे काय हे पावतीवर कळत नाही, इतर ठिकाणी कळते. त्याचे नाव भावाच्या रेशनकार्डावर आहे. धान्य आता देशात कुठेही मिळते म्हणे, पण पाच किलो तांदूळ घेऊन तो कुठे साठवणार? रमाई घरकुलाची यादी निघाली तेव्हा तो इंदूरच्या पुढे होता आणि जागा भावाच्या नावावर होती. १३ मे २०२४ ला शिरूर लोकसभेचे मतदान झाले तेव्हा तो गाडीवर होता, २० नोव्हेंबरला विधानसभेचे झाले तेव्हाही. सैनिकाला टपाली मतदान आहे, निवडणुकीच्या ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला आहे, ८५ वर्षांवरच्या नागरिकाच्या घरी मतपत्रिका जाते. ट्रकवाल्याला मात्र खेप सोडून गावी या, एवढेच. बेघर माणसाला मतदार म्हणून नोंदवायचे असेल तर तो खरोखर तिथे झोपतो का हे बघायला बीएलओने रात्री त्या जागी जावे, अशी आयोगाची सूचना आहे. चांगली आहे. पण आमच्या या भावाला शोधायला बीएलओने कुठल्या रात्री कुठल्या पार्किंगला जायचे? एक माणूस, एक मत, एक मूल्य असे आपण म्हणतो. त्यातला माणूस गाडीवर आहे आणि मत गावात पडून आहे.

आणि शेवटी आपल्याकडे. सरकारला चार शब्द सुनावणे सोपे असते. समाजाच्या वधू-वर मेळाव्यांत आम्ही मंचावर बसलो आहोत. मुलगा "ड्रायव्हर, लाईनवर असतो" म्हटले की पुढची ओळ वाचलीच जात नाही. मुलीच्या बापालाही आम्ही दोष देत नाही, महिन्यातले पंचवीस दिवस एकटी राहणारी लेक त्याने का द्यावी? पण मग तो मुलगा दारूडा म्हणून, बाहेरख्याली म्हणून बदनाम होतो. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातही लांब पल्ल्याच्या चालकाची ओळख रोग एकीकडून दुसरीकडे नेणारा पूल अशीच आहे. तपासणी व्हावी, जरूर व्हावी. पण त्याची साखर, त्याची पाठ, त्याची झोप यांच्याकडे बघताना तो माणूस असतो, आणि त्या नजरेने त्याच्याकडे कुणी येत नाही. आपली चळवळ त्याच्याकडे येते ती पावतीपुस्तक घेऊन, एप्रिल महिन्यात.

आळेफाट्यावर त्या दिवशी त्याला विचारले, डोळे गेले, परवाना नूतनीकरण झाला नाही, तर कुठे राहणार? तो म्हणाला, "तवा बघू, दादा. गाडी विकली तरी शेठ टपऱ्यासाठी जागा देईल." गाडी शेठची, विकणार शेठ, आणि याला वाटते की शेठ जागा देईल. ताडपत्रीची रस्सी आवळून तो निघून गेला.

म्हणून जुन्नर आणि आंबेगावच्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही कामे ठेवत आहोत. दोन्ही तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमधले किती जण ट्रकवर आहेत, किती जण गाडीतच राहतात, याची यादी आपणच करायची, सरकारच्या जनगणनेची वाट बघायची नाही. नारायणगाव, ओतूर, मंचर इथल्या बाजारांत चालकांसाठी पलंग, न्हाणीघर आणि कुलूप लागणारे कपाट असलेली खोली असावी, आणि तिचा खर्च मालावर बसणाऱ्या सेसमधून व्हावा, असे निवेदन दोन्ही बाजार समित्यांना द्यायचे. रनिंग रूम हाच शब्द वापरायचा, म्हणजे रेल्वेचे उदाहरण पुढे करता येईल. माथाडीच्या धर्तीवर मालवाहू चालकांचे मंडळ आणि खेपेवर लेव्ही, ही मागणी दोन्ही आमदारांकडे लेखी द्यायची. गाडीतल्या जीपीएसची नोंद चालकाच्या तासांसाठीही ग्राह्य धरावी आणि तिची प्रत चालकाच्या मोबाइलवर यावी, हे परिवहन आयुक्तांकडे मागायचे. यंत्र आधीच बसलेले आहे, नवा खर्च नाही. टपाली मतदानाची मागणी निवडणूक आयोगाकडे.

यादीचे काम पुढच्या पौर्णिमेपासून सुरू करतो आहोत. बुद्धवंदना झाल्यावर विहारातच वही ठेवली जाईल. ज्यांच्या घरातला माणूस लाईनवर आहे त्यांनी त्याचे नाव, वय, शिक्षण आणि मोबाइल नंबर लिहावा. पत्त्याच्या रकान्यात गाडीचा नंबर लिहिला तरी चालेल.